स्वस्त कॅमेरा चालेल, स्वस्त मीटर नको: घरच्या दुरुस्तीसाठी तपासणीची साधनं कशी निवडावीत

भिंतीच्या आत काय चाललंय, पाईपमध्ये नेमकं काय अडकलंय, कपाटामागे पडलेला स्क्रू कुठे गेला, हे बघायला पूर्वी एकच उपाय होता: फोडा किंवा उघडा. आता पेन्सिलीपेक्षा बारीक कॅमेरा फोनला जोडता येतो. त्याच्या जोडीला थर्मल कॅमेरे, ओल मोजणारे मीटर, लेझरवाले थर्मामीटर आहेतच. यादी बघितली की नवख्या माणसाला सगळंच घ्यावंसं वाटतं, आणि मग पैसे नको तिथे जातात, नको तिथे वाचवले जातात. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: कॅमेऱ्यात काटकसर करा, वीज तपासायच्या मीटरमध्ये, म्हणजे मल्टिमीटरमध्ये, करू नका. कॅमेरा सुमार निघाला तर चित्र धूसर दिसेल. मीटर सुमार निघाला तर त्याने ‘बंद’ म्हणून सांगितलेल्या वायरला तुम्ही हात लावाल.

पायरी १: आधी प्रश्न लिहा

काय शोधायचं आहे ते एका ओळीत लिहून काढा. ‘पाईप बघायचा आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘बेसिनचं पाणी सावकाश उतरतं, अडथळा खालच्या ट्रॅपमध्ये (वळणदार नळीत) आहे की पुढे भिंतीतल्या पाईपमध्ये?’ असं लिहिलंत की कॅमेरा किती बारीक हवा आणि केबल किती लांब हवी, ते आपोआप ठरतं. कधी कधी काही विकत घ्यायची गरजच नाही, हेही कळतं.

कारण फुकटात होणाऱ्या तपासण्या बऱ्याच आहेत. गळतीचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी पाणी जातंय. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका. अर्ध्या तासात फ्लश न करताच खालच्या भांड्यात रंग उतरला, तर टाकीतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. भिंतीवर ओल असेल तर त्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस राहू द्या. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. या दोन दुखण्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि हे निदान करायला चिकटपट्टीपलीकडे काही लागत नाही. रिमोट चालत नसेल तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा: डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा बऱ्याच फोनच्या पडद्यावर लुकलुकताना दिसतो.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तरच खरेदीकडे वळा.

पायरी २: कॅमेरा निवडताना काय बघायचं

या कॅमेऱ्याला कुणी एन्डोस्कोप म्हणतं, कुणी बोअरस्कोप, कुणी नुसताच पाईप कॅमेरा. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या वस्तूत फरक फारसा नसतो. केबलच्या टोकाला धातूच्या नळीत बसवलेला छोटा कॅमेरा, त्याच्याभोवती सहा-आठ एलईडी, आणि दुसऱ्या टोकाला फोनची पिन, वायफायची डबी किंवा स्वतःचा पडदा.

सगळ्यात आधी हे दुसरं टोक बघा, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. अँड्रॉइड फोन असेल तर थेट यूएसबीने जोडला जाणारा कॅमेरा घ्या. तुमच्या फोनला ओटीजी (यूएसबीची उपकरणं थेट फोनला जोडायची सोय) चालतं ना, एवढं तपासा. वर्णनात ‘यूव्हीसी’ ही तीन अक्षरं असली तर उत्तम. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी ठरवलेलं ते सर्वसामान्य मानक आहे. ते पाळणारा कॅमेरा कोणत्याही साध्या यूएसबी कॅमेरा ॲपवर आणि संगणकावरही चालतो. कंपनीने आपलं ॲप उद्या बंद केलं तरी कॅमेरा अडगळीत जात नाही. आयफोनची गोष्ट वेगळी. यूएसबी-सी आलेल्या आयफोनलाही साधा यूव्हीसी कॅमेरा जोडून लगेच चित्र दिसेल, असं गृहीत धरू नका. त्या फोनसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला कॅमेरा घ्या, नाहीतर वायफायचा.

वायफायच्या कॅमेऱ्याची डबी स्वतःचं नेटवर्क तयार करते आणि फोनला त्यावर जावं लागतं. त्यामुळे त्या वेळात फोनचं इंटरनेट बऱ्याचदा तुटतं, चित्र किंचित उशिरा येतं आणि डबीची बॅटरी वेगळी चार्ज करावी लागते. उशीर अर्ध्या सेकंदाचा असला तरी आकडीने काही उचलताना हात आणि चित्र यांचा मेळ बसत नाही. निव्वळ बघायचं असेल तर चालून जातं.

तिसरा प्रकार स्वतःच्या पडद्याचा. थोडा महाग, पण ना ॲप, ना परवानग्या, ना फोन बदलला की काळजी. मळक्या हातांनी काम करणाऱ्याला आणि फोनच्या सेटिंगचा कंटाळा असणाऱ्याला मी हाच घ्यायला सांगेन.

आता जाडी. ५.५ मि.मी. आणि ८ मि.मी. ही मापं सगळीकडे दिसतात, ४ मि.मी.च्या आतबाहेरचेही मिळतात. बारीक डोकं अरुंद जागेत शिरतं, पण त्यातला सेन्सर आणि दिवे लहान असल्याने चित्र कमकुवत येतं. पहिल्यांदाच घेत असाल तर ५.५ घ्या. भिंतीला ७-८ मि.मी.चं भोक पाडलं तरी काम होतं, आणि ते भोक पुट्टीच्या एका बोटात बुजतं.

फोकसचं अंतर हा तर सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, साधारण ३ ते ८ सें.मी. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं पुसट. पाईप, फटी आणि यंत्राच्या आतल्या भागांसाठी हे बरोबर आहे. पण माळ्यावरच्या पोकळीत दोन मीटर लांबचं बघायचं असेल तर रिझोल्यूशन कितीही असो, निराशाच होणार. तिथे काठीला बांधलेला फोन आणि टॉर्च जास्त उपयोगी.

रिझोल्यूशनच्या जाहिरातीला मात्र फार भुलू नका. छोट्या सेन्सरचं चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठ्या आकड्याचं केलेलं असतं, असं स्वस्त मालात सर्रास आढळतं. ताणलेल्या चित्रात नवा तपशील येत नाही. वापरणाऱ्यांनी काढलेले खरे फोटो बघा, तेही अंधाऱ्या जागेतले. ७२० पिक्सेलचं खरं चित्र घरच्या कामाला पुरतं.

केबल लवचीक हवी की अर्धकडक? घरच्या कामाला बहुधा अर्धकडक. ती वाकवली की तशीच राहते, म्हणून भोकातून आत गेल्यावर टोक वर किंवा बाजूला वळवता येतं. मऊ केबल ढकलली की आत वेटोळं करून बसते. लांबी गरजेपुरतीच घ्या. तीन ते पाच मीटर बहुतेक घरांना पुरते. शिवाय यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच धरलेली आहे. त्याहून लांब स्वस्त केबलमध्ये चित्र अडखळण्याची शक्यता वाढते.

पाण्याबाबत आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, असा. पण हे फक्त कॅमेऱ्याच्या डोक्याला आणि केबलला लागू आहे. पिन, डबी आणि पडद्याला नाही.

बाजूला दुसरी लेन्स असलेला कॅमेरा परवडत असेल तर जरूर घ्या. पाईपच्या किंवा पोकळीच्या कडा समोरच्या लेन्सला तिरप्याच दिसतात. बाजूची लेन्स त्या सरळ दाखवते. आकडी, चुंबक आणि छोटा आरसा बहुधा सोबत मिळतातच. आरसा मला कधी फारसा कामाचा वाटला नाही. चुंबक मात्र जपून ठेवा.

आणि ॲप. अँड्रॉइडवर वायफाय कॅमेरा शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी मागितली जाते, ते एकवेळ समजू शकतं. संपर्कयादी आणि मेसेज वाचायची परवानगी कशाला? असं ॲप काढून टाका, दुसरं वापरा.

पायरी ३: कॅमेरा आत घालण्यापूर्वी आणि घालताना

भिंतीत भोक पाडायचं तर त्या भागाचा वीजपुरवठा मेनपासून बंद करा आणि पाण्याचे पाईप कुठून जातात याचा अंदाज घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर-खाली शक्यतो भोक पाडू नका. वायरी आणि पाईप तिथूनच जायची शक्यता जास्त.

केबलवर दर २५ सें.मी.ला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. पाच मिनिटांचं हे काम पुढे फार उपयोगी पडतं: कॅमेऱ्यात फट दिसली तेव्हा केबल किती आत होती हे कळलं, की बाहेरून तेवढंच मोजून नेमकी तीच जागा उघडता येते. हे मोजलं नाही, तर आत फट आहे एवढंच समजतं.

आत गेल्यावर दिशेचं भान राहत नाही. केबल वळली की चित्रही फिरतं. वर-खाली काही कळेनासं होतं. पाण्याचा थेंब कुठे ओघळतो किंवा तळाशी पाणी कुठे साचलंय ते बघा, ती खालची बाजू. आकाराचाही अंदाज चुकतो. जवळची भेग दरीएवढी दिसते. माहीत असलेल्या मापाची वस्तू, उदाहरणार्थ सोबतची आकडी, चौकटीत ठेवून तुलना करा. दिवे पूर्ण प्रखर ठेवले तर ओल्या किंवा चकचकीत पृष्ठभागावर पांढरा डाग दिसतो. अशा वेळी दिवा कमी केला की तपशील उमटतो. व्हिडिओ सुरू ठेवा आणि शक्यतो आत ढकलताना बघण्याऐवजी सावकाश बाहेर ओढताना बघा. हात स्थिर राहतो, लेन्सही जरा स्वच्छ असते.

बेसिनमध्ये वरून केबल घालण्याचा मोह होतो. खालचा ट्रॅप वळणदार असतो आणि अर्धकडक केबल बहुधा तिथेच अडते. खाली बादली ठेवून ट्रॅप खोला आणि भिंतीकडे जाणाऱ्या पाईपमध्ये कॅमेरा घाला. ट्रॅप खोलल्यावर कचरा त्यातच सापडला, तर कॅमेऱ्याची गरजही संपली. पाईप मोकळा करायचं रसायन आधी ओतलेलं असेल तर मात्र थांबा. भरपूर पाणी गेल्याशिवाय ट्रॅप खोलू नका, कॅमेराही घालू नका. अशा रसायनातलं कॉस्टिक त्वचेला आणि डोळ्यांना भाजून काढतं. केबल अडली तर जोर लावू नका. दोन एल्बोपुढे (पाईपच्या काटकोनी वळणांपुढे) घरगुती कॅमेरा क्वचितच जातो. पुढचं काम प्लंबरच्या मोठ्या रीळवाल्या कॅमेऱ्याचं.

पायरी ४: मल्टिमीटर, जिथे पैसे वाचवायचे नाहीत

मल्टिमीटरच्या पुढच्या बाजूला, प्रोबच्या (मोजायच्या टोकदार दांड्यांच्या) वायरी घालायच्या भोकांजवळ, ‘कॅट’ म्हणजे श्रेणी आणि पुढे रोमन आकडा लिहिलेला असतो. दुसरी श्रेणी सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी, तिसरी घरातल्या कायमच्या वायरिंगसाठी आणि वितरण बोर्डासाठी, चौथी बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी. विजेच्या लाईनवर क्षणभर येणारा मोठा झटका मीटर सहन करू शकेल का, ते या श्रेणीवरून कळतं. घरच्या वायरिंगला हात घालायचा असेल तर किमान तिसरी श्रेणी आणि ६०० व्होल्ट लिहिलेलं हवं. मीटरसोबतच्या प्रोबवरही तेवढंच लिहिलेलं हवं, कारण धरायच्या असतात त्या प्रोबच.

नुसतं छापलेलं असणं पुरेसं नाही. यूएल, सीएसए किंवा टीयूव्ही अशा स्वतंत्र चाचणी संस्थेची खूण शोधा. सीई ही खूण अशा साधनांवर बहुधा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, म्हणून ती स्वतंत्र चाचणीच्या जागी धरू नका. आतला फ्यूज बघायला मिळाला तर बघा: काचेचा बारीक फ्यूज असेल तर वायरिंगसाठी तो मीटर नको. वाळू भरलेला सिरॅमिकचा मोठा फ्यूज हवा. तो मोठा विद्युतप्रवाह फुटून न जाता तोडतो.

बाकीच्या सोयींत आपोआप रेंज निवडणं आणि कंटिन्युइटीचा बीप (वायर अखंड असली की वाजणारा) या दोन पुरेशा. ‘लो-झेड’ (मीटरचा अंतर्गत रोध मुद्दाम कमी ठेवणारा मोड) असेल तर बरं. साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओह्म इतका मोठा असतो. त्यामुळे शेजारच्या चालू वायरीच्या प्रभावाने तुटलेल्या, निष्क्रिय वायरीवरही काही दहा व्होल्ट दिसतात आणि नवखा गोंधळतो. लो-झेड मोडमध्ये हा भुताटकीचा व्होल्टेज नाहीसा होतो.

वापराचे दोन नियम पाठ करा. करंट मोजायच्या भोकात प्रोब घातलेला असताना कधीही व्होल्टेज मोजू नका. त्या मार्गाला रोध जवळजवळ नसतोच, म्हणजे तुम्ही मीटरमधून शॉर्ट करत असता. आणि वायर बंद आहे हे ठरवताना तीन वेळा मोजा: आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर, मग हव्या त्या वायरीवर, मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मधल्या काळात मीटरचा सेल संपला किंवा प्रोब तुटला, तर तिसऱ्या मोजणीत कळतं.

वायरीजवळ नेल्यावर किणकिणणारा बिनस्पर्श टेस्टर सोयीचा खरा, पण तो वाजला तर त्यावर विश्वास ठेवा, नाही वाजला तर ठेवू नका. धातूच्या पाईपमधली किंवा आवरण असलेली वायर त्याला जाणवत नाही, डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) तर मुळीच नाही. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: तो एकाच वायरीभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात घेतल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात आणि आकडा शून्याच्या आसपास दिसतो. मग चालू उपकरणही बंद वाटतं.

मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, आणि तिथला व्होल्टेज हजारोंच्या घरातला असतो.

पायरी ५: उष्णता बघणारी साधनं

थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार बघतो हा गैरसमज आधी काढून टाका. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. काचेतूनही त्याला पलीकडचं दिसत नाही. काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं. ओल दिसते ती पाणी उडताना पृष्ठभाग गार होतो म्हणून. गार डाग म्हणजे पाणीच असंही नाही. वाऱ्याची फटही तशीच दिसते. म्हणून थर्मलने जागा शोधायची आणि ओल आहे का ते ओलीच्या मीटरने ठरवायचं. आत-बाहेर तापमानाचा फरक दहाएक अंश असेल तेव्हाच भिंतीचं चित्र नीट उमटतं.

घ्यायचाच झाला तर सेन्सरचं मूळ रिझोल्यूशन बघा: ८० × ६० फारच ढोबळ, १६० × १२० कामापुरतं, २५६ × १९२ चांगलं. ताणलेला आकडा इथेही छापतात. माझा सल्ला असा की नवख्याने तो विकत न घेता एका दिवसासाठी भाड्याने किंवा मागून आणावा. घरात वर्षाकाठी एक-दोनदाच लागतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता तापमान मोजणारा, लेझरवाला) स्वस्त आहे आणि बऱ्याच कामांना पुरतो. त्याच्यावर १२:१ असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे १.२ मीटरवरून तो १० सें.मी. रुंदीच्या वर्तुळाची सरासरी घेतो. लेझरचा ठिपका नुसता नेम दाखवतो. मोजणी त्या ठिपक्याची होत नाही. लहान वस्तूजवळ जाऊन मोजा. चकचकीत धातूवर दोन्ही साधनं साफ खोटं बोलतात, कारण धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. वीजपुरवठा नसलेल्या धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिचं तापमान मोजा.

पायरी ६: ओलीचा मीटर आणि उरलेलं किरकोळ

दोन टोचण्यांचा ओलीचा मीटर लाकडासाठी आखलेला असतो. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा सतत राहिला तर कुजण्याची धास्ती. प्लॅस्टरवर मात्र तो टक्केवारी म्हणून वाचू नका. आधी त्याच भिंतीच्या खात्रीने कोरड्या जागी मोजा, मग संशयित जागी, आणि फरक बघा. दर हातभर अंतरावर आकडे पेन्सिलीने भिंतीवरच लिहीत गेलात की ओल कुठून कुठे पसरते त्याचा नकाशाच तयार होतो. भिंतीवर क्षाराचे पांढरे फुलोरे असतील तर आकडा फुगतो, ओल तेवढी नसली तरी.

भिंतीतली वायर आणि धातू शोधणारं यंत्र ड्रिल करण्यापूर्वी वापरा, पण त्याने ‘काही नाही’ म्हटलं तरी मेन बंदच ठेवा. गाडीच्या दोषांचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर हा शेजारचा विषय. एवढंच सांगतो की कोड आला म्हणजे लगेच तो भाग बदलायचा नसतो. पी०४२० सारखा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर शुद्ध करणारा भाग) नीट काम करत नसल्याचं सांगतो. त्याचं कारण सेन्सरमध्ये किंवा एक्झॉस्टच्या गळतीतही असू शकतं.

पायरी ७: काय आधी घ्यायचं, आणि घरी आल्यावर

क्रम माझा असा: चांगला टॉर्च, मग नीट प्रमाणित मल्टिमीटर, मग ५.५ मि.मी.चा यूव्हीसी कॅमेरा, मग ओलीचा मीटर. इन्फ्रारेड थर्मामीटर जमलं तर. थर्मल कॅमेरा सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. ‘एकात दहा’ छापाचे संच टाळा.

वस्तू परत करायची मुदत असते, तोवरच चाचण्या उरका. मीटरने नवा १.५ व्होल्टचा सेल मोजा. दीडच्या जरासा वर आकडा यायला हवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून रोध बघा. अर्ध्या ओह्मच्या आत असावा, आणि वायर हलवली तरी आकडा उड्या मारू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर भरपूर बर्फ घालून ढवळलेल्या पाण्यावर धरा. शून्याच्या दोनएक अंश इकडेतिकडे चालेल. कॅमेऱ्यासाठी एका खोक्यात छापील कागद ठेवून पाच सेंटिमीटरवरून अक्षरं वाचता येतात का ते बघा, केबल पूर्ण उलगडून तिला हलक्या वळणांनी फिरवा आणि चित्र तुटत नाही याची खात्री करा. शेवटी डोकं पाण्याच्या पेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, चित्र चालू ठेवूनच. लेन्सवर आतून धुकं आलं तर त्याच दिवशी परत पाठवा.